मागचे सहा महिने

नूरबानोच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, पण मागच्या सव्वीस-सत्तावीस वर्षांत नवऱ्याबरोबर एका छताखाली सलग राहणं म्हणाल तर ते नऊच महिन्यांचं.

निसार मोमीन मालेगावचे. यंत्रमागांचे मिस्त्री म्हणून तिथे त्यांचं नाव होतं. चाळिशीला आले असताना मामेभावाच्या ओळखीने अमेरिकेला गेले, टॉवेल विणणाऱ्या एका गिरणीत दुरुस्ती खात्यात लागले आणि सव्वीस वर्षं तिथेच राहिले. दोन वर्षांतून एकदा महिनाभर यायचे. नूरबानो गेली नाही ती नाहीच. आधी सासू अंथरुणाला खिळलेली, मग शोएब आणि रुखसारच्या शाळा, मग व्हिसाची भानगड, आणि शेवटी सवय. मुलांच्या कॉलेजसाठी ती नाशकात आली, पाथर्डी फाट्याला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, दोघांची लग्नं लावून दिली. शोएब पुण्याला गेला, रुखसार मालेगावात सासरी. गेल्या डिसेंबरात निसार कायमचे परत आले ते दोन मोठ्या बॅगा आणि अवजारांची एक जड पेटी घेऊन. तेव्हा एकसष्ट वर्षांच्या नूरबानोला नवऱ्याला विचारावं लागलं की चहात साखर किती घालू.

तिला वाटलं होतं त्यापेक्षा दिवस बरे गेले. माणूस बोलायला कमी होता, पण घरात त्याचा हात फिरत होता. गळणारे नळ थांबले, करकरणारी दारं मऊ झाली. सकाळी दोघं मिळून भाजी आणायला जायची. नूरबानोचे गुडघे दुखायचे म्हणून ते तिच्या चालीने चालायचे, आणि ती दमली की दुकानाच्या पायरीवर बसून दोघं रस्ता बघायची. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले होते. मार्चमध्ये निसार म्हणाले होते, "करून टाकू. त्याची तजवीज मी कधीच करून ठेवलीय." कसली तजवीज ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोस्टमन अमेरिकेचं पाकीट घेऊन आला. निसारनी ते दारातच उभ्या उभ्या वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं, मग घडी घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि जेवायला बसले. अर्धी भाकरी खाऊन उठले.

त्या दिवसापासून माणूस बदलला. भाजीला चला म्हटलं की "तू जाऊन ये". पट्ट्याचं भोक एकाने आत गेलं. दुपारी कुठेतरी जायचे आणि हात हलवत परत यायचे, कुठे गेला होता म्हटलं तर "जरा फिरून आलो". गुडघ्यांचा विषय तिने एकदा काढला, तर तिच्याकडे न बघता म्हणाले, "थांबू जरा. आत्ता नको."

आणि संध्याकाळी फोन. गॅलरीचं दार ओढून घ्यायचे, तिथे उभे राहून इंग्रजीत बोलायचे. नूरबानो सिन्नरला मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी अक्षरं लावता यायची, बोललेलं फारसं कळत नसे. पण काही शब्द कळायला शिकावं लागत नाही. एकदा कांदा चिरताना तिने दाराच्या फटीतून ऐकलं, "सिक्स मंथ्स?" मग थोडं थांबून पुन्हा, "ओन्ली सिक्स मंथ्स?" दार उघडून घरात आले तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता की तिने कांद्याचं निमित्त करून आपले डोळे पुसून घेतले.

सहा महिने. तिला दुसरा कोणताच अर्थ लागेना. सव्वीस वर्षं वाट बघायची, माणूस घरी यायचा, आणि सहा महिने? ती दिवसभर हा हिशेब करायची. शोएबला फोन लावायला घ्यायची आणि ठेवून द्यायची. ज्या अर्थी यांनी आपल्यापासून लपवलंय त्या अर्थी मुलांनाही सांगितलेलं नसणार, आणि आपण आधी तोंड उघडलं तर यांचा उरलेला धीरही जायचा. ती रोज त्यांच्या आवडीचं करायची, ते रोज अर्धं टाकायचे, आणि ती गुपचूप भांडी घासायची.

महिनाअखेरच्या सोमवारी निसार दहाच्या सुमाराला बाहेर पडले. नूरबानोने धुण्यासाठी शर्ट गोळा केले आणि सवयीने खिसे चाचपले. पाकीट हाताला लागलं. घड्या इतक्या वेळा उलगडलेल्या की कागद तिथे विरला होता. तिने खिडकीशी जाऊन अक्षरं लावली. वर मोठ्या अक्षरांत HEALTH होतं. खाली MEDICARE. ते औषधाचंच काहीतरी. मग EXCESS, तो शब्द तिला कळला नाही. पण त्यानंतरचा कळला. REMOVE. काढून टाका. शेवटी तारीख होती, पंधरा ऑक्टोबर, आणि तिच्याखाली रेघ मारलेली.

म्हणजे काहीतरी वाढलंय, आणि ते पंधरा तारखेच्या आत कापून काढायचंय. आणि हा माणूस महिनाभर कागद खिशात घेऊन हिंडतोय.

तिने ओढणी घेतली, कठड्याला धरून एकेक पायरी चढत तिसरा मजला गाठला आणि मीनाचं दार वाजवलं.

मीना गावित पेठकडची. वडील सोमा गावित डोंगरउतारावर भात आणि नागली करायचे. मुलगी नाशकात वसतिगृहात राहून बी.कॉम. झाली आणि सातपूरच्या एका ऑफिसात लागली. ऑफिसचं काम नूरबानोला एवढंच माहीत होतं की अमेरिकेतल्या लोकांचे कराचे कागद तिथे तयार होतात आणि मीनाला दुपारी एकला जावं लागतं. दोन वर्षं ती एका मैत्रिणीबरोबर वरच्या खोलीत भाड्याने राहत होती. तिला कधी ताप आला की खालून खिचडी जायची, आणि गावाहून आली की ती नागलीचं पीठ घेऊन खाली यायची.

दार उघडलं. नूरबानोने नुसता कागद पुढे केला.

"चाची, आधी बसा. जिना कशाला चढलात? मला हाक मारायची ना."

"वाच," नूरबानो म्हणाली. "आणि माझ्यापासून काही लपवू नकोस. किती वाढलंय ते सांग."

मीनाने कागद हातात घेतला. वाचता वाचता तिच्या कपाळावर आठी आली. नूरबानो त्या आठीकडे बघत राहिली. मग मीनाने मान वर केली.

"काय वाढलंय म्हणताय तुम्ही?"

"ते… गाठ. नाहीतर काय असेल ते. यांना डॉक्टरांनी सहा महिने दिलेत. मी फोनवर ऐकलंय. आणि पंधरा तारखेच्या आत काढायला सांगितलंय, तेही मी वाचलंय."

मीना खुर्चीवरून उठून तिच्यापाशी खाली जमिनीवर बसली आणि तिचे दोन्ही हात धरले.

"चाची, माझ्याकडे बघा. चाचांना काहीही झालेलं नाही. हे डॉक्टरांचं पत्र नाही. गिरणीच्या पगार खात्याचं आहे. वाढलेत ते पैसे. खात्यात थोडे पैसे जास्तीचे गेलेत, ते काढून घ्या म्हणतायत."

"आणि सहा महिने?"

"ते सहा महिने पुढचे नाहीत चाची. मागचे आहेत."

नूरबानोला पहिल्यांदा ते कळलंच नाही. मीनाने पुन्हा सांगितलं, सावकाश. मग कळलं. तिने ओढणीत तोंड लपवलं आणि ती इतकी रडली की मीनाची मैत्रीण आतून पाणी घेऊन धावत आली. रडता रडताच तिला हसू फुटलं आणि दोन्ही एकदम आवरेनात.

पाणी प्यायल्यावर तिला राग आला. चांगलाच आला. "महिनाभर!" ती म्हणाली. "महिनाभर मी या माणसाला मनातल्या मनात… आणि हा पैशांचा कागद?"

"त्यांनाही तो काही साधा वाटत नसेल," मीना म्हणाली. "पत्राची भाषाच अशी आहे. दंड, कर खातं, नियमभंग. आमच्याकडे रोज असली पत्रं येतात म्हणून मला सवय. पण चाची, तारीख मात्र खरी आहे. पंधरा ऑक्टोबर. चाचा आत्ता कुठे गेलेत?"

ते नूरबानोला माहीत नव्हतं. "मी कामावर जाण्याआधी खाली येते," मीना म्हणाली. "त्यांना घरी थांबवून ठेवा."

निसार अकराला परत आले. हातात कुरिअरच्या दुकानातलं मोठं रिकामं पाकीट होतं. जेवणाच्या टेबलावर पत्र पसरलेलं दिसलं तसे ते दारातच थांबले.

"तू वाचलंस?"

"मला जेवढं वाचता आलं तेवढं वाचलं," नूरबानो म्हणाली. "त्यावरून मला वाटलं की तुम्ही मरताय. सहा महिन्यांत. मी महिनाभर तेच धरून बसले होते, शोएबचे अब्बा."

निसार हळूच खुर्चीवर टेकले. असं काही होऊ शकतं हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. मग म्हणाले, "मला वाटलं तुला सांगितलं तर तुला लाज वाटेल माझी."

"कशाची?"

तेव्हा ते बोलायला लागले. नूरबानोने नऊ महिन्यांत त्यांना एका दमात इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. तिकडे पगारातून आजारपणासाठी वेगळे पैसे ठेवायची सोय असते, त्यावर कर लागत नाही. ते खातं त्यांनी बरीच वर्षं चालवलं. सदुसष्टाव्या वर्षाकडे झुकल्यावर, निवृत्तीच्या महिन्यात, त्यांनी पेन्शनचा अर्ज केला. अर्ज केला की म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी विमा, तोच मेडिकेअर, आपोआप मागे लागतो. आणि तो विमा मिळाला की त्या खात्यात एक डॉलरही टाकायचा नसतो. ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी शेवटच्या पगारापर्यंत टाकले. कागदावर सही केली होती की मी पात्र आहे. संध्याकाळचे फोन गिरणीच्या पगार खात्यालाच होते, आणि तिथली माणसं पत्रातलंच पुन्हा वाचून दाखवायची.

"सव्वीस वर्षांत मी तिथे गाडी लाल दिव्याला पुढे नेली नाही," ते म्हणाले. "दोन मिनिटं उशीर झाला तर कार्डावर खरा लिहायचो. आणि शेवटी माझ्या नावावर सरकारला फसवल्याचा कागद. पेन्शन थांबवतील, वर दंड. मी ठरवलंय, सगळं खातंच बंद करतो. अकरा हजार डॉलर आहेत. सगळे परत करून टाकतो. फॉर्म भरलाय, उद्या पाठवतो. एकदाचा सुटतो."

"अकरा हजार? कशाला ठेवले होते एवढे?"

निसार टेबलावरच्या प्लॅस्टिकवर बोट फिरवत राहिले. "तुझे गुडघे," ते म्हणाले. "बायकोसाठीही वापरता येतात ते. इकडच्या दवाखान्यातही चालतात, मी विचारून ठेवलं होतं. तू फोनवर म्हणायचीस ना, आज जिना चढवला नाही. त्या महिन्यापासून मी हप्ता वाढवला. शेवटपर्यंत टाकत राहिलो तो त्याचसाठी."

नूरबानो उठली आणि विनाकारण स्वयंपाकघरात गेली. महिनाभरात तिने मनात किती वेळा म्हटलं होतं की सव्वीस वर्षं डॉलर कमावणारा माणूस बायकोच्या गुडघ्यांना मात्र थांबू म्हणतो. ओट्याला धरून ती जरा उभी राहिली. मग तोंड धुऊन, चहा टाकून बाहेर आली.

बाराला मीना आली, ऑफिसची बॅग खांद्यालाच. तिने आधी तो भरलेला फॉर्म बघायला मागितला. वाचला, आणि त्यावर हात ठेवला.

"चाचा, हा पाठवू नका. हा पाठवलात तर सगळ्या अकरा हजारांवर कर लागेल, आणि चूक होती तिथेच राहील. कारण हे साधे पैसे काढणं झालं. जास्तीचे काढायचा फॉर्म वेगळा असतो."

"पण सगळेच चुकीचे आहेत ना?"

"मुळीच नाही. आधीच्या सगळ्या वर्षांचे तुमचे हक्काचे आहेत. प्रश्न फक्त मागच्या वर्षाचा. तुम्ही सप्टेंबरात अर्ज केला. तुमचं पासष्ट होऊन बराच काळ झाला होता, म्हणून विमा अर्जाच्या दिवसापासून नाही, सहा महिने मागून लागू झाला. मार्चपासून. म्हणून मार्चपासून पुढे पैसे टाकायची मुभाच गेली. जानेवारी आणि फेब्रुवारीची मुभा तेवढी उरली."

"पण मार्चमध्ये मी अर्जच केला नव्हता," निसार कळवळून म्हणाले. "मला कसं कळणार?"

"नाहीच कळत. म्हणून तर ही चूक एवढी होते."

तिने पगाराच्या पावत्या मागितल्या. निसारनी त्या वर्षावार लावून ठेवल्या होत्या. मीनाने मोबाइलवर आकडेमोड केली, दोनदा तपासली. महिन्याला तीनशेप्रमाणे नऊ महिन्यांचे सत्तावीसशे गेले होते. दोन महिन्यांच्या हिशेबाने वर्षभरात आठशे अठ्ठावन्नपर्यंतच टाकायची मुभा होती. "म्हणजे काढायचे साधारण अठराशे बेचाळीस," ती म्हणाली, "आणि त्यावर मिळालेलं थोडं व्याज. एप्रिलमध्ये रिटर्न वेळेवर भरला होता?"

"दहा एप्रिलला. पोचपावती आहे."

"मग पंधरा ऑक्टोबरपर्यंत मुदत आहे. तेवढ्यात पैसे बाहेर आले आणि दुरुस्त केलेला रिटर्न गेला तर दंड नाही. तेव्हा जो कर वाचला होता तेवढा भरावा लागेल. तीनशे डॉलरच्या आतच असेल. आणि हे पैसे सरकारला जात नाहीत चाचा. तुमच्याच बँकेत येतात."

"आणि पेन्शन?"

"पेन्शनचा याच्याशी संबंध नाही."

"आणि ती सही?"

"तुम्ही सही केलीत तेव्हा ते खरंच होतं."

निसारनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एवढा सुटकेचा श्वास नूरबानोने कुणाचा कधी ऐकला नव्हता. जणू महिनाभर तो आत अडकवून ठेवला होता. मीना मात्र अजून गंभीर होती. "मी आमच्या उज्वला मॅडमना तुमचं नाव न सांगता एकदा विचारते. माझी एखादी गोष्ट राहायला नको. उद्या सकाळी नक्की सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिन्यातूनच ओरडली, "बरोबर आहे सगळं!" आणि मग खाली येऊन एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या. खातं ज्या बँकेत होतं तिला फोन करायचा होता. इथले संध्याकाळचे सात म्हणजे तिकडची सकाळ, त्या वेळी मीना ऑफिसात. "चाचा घाबरून माफी मागत बसतील," तिने नूरबानोला बाजूला घेऊन सांगितलं. "तुम्ही शेजारी बसा. हे तीन शब्द त्यांनी म्हटलेच पाहिजेत." तिने इंग्रजी शब्दांखाली मराठीत लिहून दिलं होतं, रिमूव्हल ऑफ एक्सेस. ज्या शब्दाने नूरबानोचा जीव अर्धा केला होता तो आता तिने बसल्या बसल्या पाठ केला.

बुधवारी संध्याकाळी सातला दोघं टेबलाशी बसली. फोन स्पीकरवर. आधी वीस-बावीस मिनिटं नुसतं वाद्यसंगीत वाजत राहिलं. मग एका बाईचा आवाज आला, सावकाश, गोड हेल काढून बोलणारा. निसार लगेच उभे राहिले, जणू ती समोर आली होती.

आणि मीना म्हणाली होती तेच झालं. निसार सांगायला लागले की मी खूप दिलगीर आहे, मी प्रामाणिक माणूस आहे, माझा हेतू… नूरबानोने कागदावर बोट ठेवून टकटक केली. ते थांबले. पुन्हा सुरू झाले, पुन्हा दिलगीर. तिने कागद उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"रिमूव्हल," निसार म्हणाले, "रिमूव्हल ऑफ एक्सेस."

पलीकडून बाई काहीतरी आनंदाने म्हणाली आणि खटाखट कळा दाबल्याचा आवाज आला. तिने वर्ष विचारलं, रक्कम विचारली, व्याज आम्हीच काढू म्हणाली. फॉर्म ईमेलने येईल, सही करून परत पाठवा. मग बोलता बोलता ती असं काही म्हणाली की निसार पटकन खाली बसले.

फोन ठेवल्यावर नूरबानोने विचारलं, "काय म्हणाली?"

"मी म्हटलं, अशी चूक तुम्ही क्वचितच बघत असाल. तर म्हणाली, अहो, मला सकाळपासूनचे तुम्ही तिसरे."

ते स्वतःशीच पुन्हा म्हणाले, "तिसरा," आणि हसायला लागले. नूरबानो त्यांच्याकडे बघत राहिली. हसताना त्यांच्या डाव्या गालाला खळी पडते हे ती विसरूनच गेली होती.

त्या संध्याकाळी त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

पुढचं सगळं सुरळीतच झालं असं नाही. फॉर्म आला, पण दसऱ्याला झेरॉक्सवाला बंद. शुक्रवारी सही करून स्कॅन केला तर पान उलटं लागलं आणि पुन्हा करावं लागलं. रविवारी मीनाने सुट्टीचा अर्धा दिवस घालवून दुरुस्तीचा रिटर्न तयार केला. वर कुठलं वाक्य लिहायचं असतं, ते तिने उज्वला मॅडमकडून तंतोतंत उतरवून आणलं होतं. निसार तिच्याशेजारी बसून प्रत्येक आकडा जुन्या पावतीशी ताडून बघत होते आणि मध्येच एकदा त्यांनी तिची चूक पकडली. एक शून्य कमी पडलं होतं. मीना म्हणाली, "चाचा, आमच्या ऑफिसात येता का?" नूरबानोने त्या दिवशी बिर्याणी केली होती. मीनाने पैशाचं नाव काढू दिलं नाही, पण जाताना बिर्याणीचा डबा घेतला, आणि मैत्रिणीसाठी दुसराही.

नऊ तारखेला दुपारी निसारच्या मोबाइलवर ईमेल आला. त्यांनी तो वाचला, मग नूरबानोला दिला. तिने एकेक अक्षर लावत वाचला. पैसे खात्यातून काढून त्यांच्या तिथल्या बँकेत जमा केले होते. व्याज अडतीस डॉलर. दुसऱ्या दिवशी दोघांनी जाऊन दुरुस्तीचा रिटर्न आणि कराचा चेक कुरिअर केला. दुकानातल्या मुलीने विचारलं, आत काय आहे? निसार म्हणाले, "कागद." बाहेर पडल्यावर ते तिथेच फुटपाथवर उभे राहिले आणि म्हणाले, "आता काहीतरी गोड घेऊ." तिला जिलेबी आवडते हे त्यांना आठवत होतं की त्यांनी अंदाजाने मागितली, ते तिने विचारलं नाही.

"एक ऐका," घरी येताना रिक्षात ती म्हणाली. "यापुढे जे पत्र येईल ते दोघांनी मिळून वाचायचं. मला नाही समजलं तरी. तुम्ही नुसतं मोठ्याने वाचा."

"बरं."

"आणि गॅलरीचं दार उघडं ठेवायचं."

"बरं," निसार म्हणाले. मग थोड्या वेळाने, "खरंच तुला वाटलं मी मरतोय?"

"मग काय!"

"आणि तू काहीच बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात," नूरबानो म्हणाली, आणि रिक्षावाल्याला डावीकडे वळायला सांगितलं.

गुडघ्यांची तारीख नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारची मिळाली. खात्यात उरलेले नऊ हजारांवर डॉलर होते; दवाखान्याचं बिल जपून ठेवा, एवढंच मीनाने बजावलं. डॉक्टरांनी विचारलं की घरी सोडल्यावर पहिले सहा आठवडे उठवायला-बसवायला सोबत कोण असेल? मुलगी येईल का? नूरबानो रुखसारचं नाव सांगणार तेवढ्यात निसार म्हणाले, "मी आहे." डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं.

शनिवारी त्यांनी अवजारांची पेटी उघडली. बाथरूममध्ये कमोडच्या दोन्ही बाजूंना आणि नळाशी स्टीलचे दांडे बसवायचे होते. नूरबानोला त्यांनी आत स्टुलावर बसवलं, हात कुठे पोचतो ते बघितलं, भिंतीवर पेन्सिलने खूण केली, पुन्हा बसवलं, खूण दोन बोटं खाली घेतली. मग ड्रिल सुरू झालं. भिंतीचा भुगा बाहेर हॉलपर्यंत आला. तिने झाडू घेतला, तर आतून आवाज आला, "राहू दे, मी काढतो." तिने झाडू ठेवला, दिवाणावर आडवी झाली, आणि ड्रिलच्या त्या घरघराटातच तिला भर दुपारी गाढ झोप लागली.